तारकांमधील धूलि आणि रायपूरचे विद्यापीठ

रायपूरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते बहुधा महसुलाच्या आणि मुलूखगिरीच्या संदर्भात. १७४१ साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरापर्यंत येऊन थडकला. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १७८७ नंतर हा मुलूख सुभेदारांच्या हवाली झाला. आणि १८१८ मध्ये नागपूरच्या राज्यावर इंग्रजांची देखरेख बसल्यावर ॲग्न्यू नावाच्या अधिकाऱ्याच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी नागपूर आणि रायपूर यांना जोडणारा कारभाराचा धागा मध्यप्रांताच्या रूपाने १९५६ पर्यंत अखंड राहिला, आणि त्या धाग्याच्या आधाराने कारकुनी, वकिली, शिक्षकी अशा व्यवसायांसाठी आलेली मराठी कुटुंबे या शहरात कायमची रुजली. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले, आणि त्यांचे देहावसानही १९२६ साली रायपुरातच झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या ऐहिक मुलुखाच्या फार पलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच शहरातल्या एका विद्यापीठाने, स्वतःच्या मालकीची एकही मोठी दुर्बीण नसताना, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांतील धूलीचा हिशेब मांडण्याचे कार्य हाती घेतले आणि ते दोन दशकांहून अधिक काळ चिकाटीने चालविले; त्या कार्याचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे.

या धूलीचा शोध लागण्यास ज्योतिर्विदांना दीडशे वर्षे लागली, आणि त्या दीडशे वर्षांचा बराचसा भाग धूलि दिसत असूनही ती नाकारण्यात गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हर्शेल वृश्चिक राशीच्या परिसरात दुर्बीण फिरवीत असता, ताऱ्यांनी गच्च भरलेल्या प्रदेशात अकस्मात एक निस्तारक काळा डाग त्यास आढळला, आणि आकाशास येथे भोक पडले आहे असा उद्गार त्याने काढल्याचे त्याची बहीण कॅरोलाइन हिने पुढे सांगितले. भोक म्हणजे अभाव. ज्या ठिकाणी काही दिसत नाही त्या ठिकाणी काही नाही, हा निष्कर्ष बुद्धीस इतका सहज पटतो की त्याविरुद्ध पुरावा मागण्याचे कोणास सुचत नाही. १८४७ साली विल्हेल्म स्ट्रूव्ह याने ताऱ्यांच्या गणतीवरून असे अनुमान काढले की, जसजसे अंतर वाढते तसतसा ताऱ्यांचा प्रकाश वाटेत कुठेतरी गिळला जात असला पाहिजे. पण त्या अनुमानाकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे एडवर्ड बर्नार्ड याने आकाशगंगेची असंख्य छायाचित्रे घेतली, १९१९ साली १८२ कृष्णमेघांची यादी प्रसिद्ध केली, आणि ही भोके नसून प्रकाशाच्या आड आलेले पदार्थ आहेत हा विश्वास त्याच्या मनात हळूहळू दृढ होत गेला. बर्नार्डच्या या संथ मतांतराबद्दल मला विशेष आदर वाटतो. सिद्धान्ताच्या बळावर मत बदलणारे पुष्कळ असतात. छायाचित्रांच्या काचा वर्षानुवर्षे पाहून, डोळ्यांच्या साक्षीने मत बदलणारे थोडे.

निर्णायक पुरावा आला तो १९३० साली, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून. रॉबर्ट ट्रम्पलर याने शंभर विरल तारकागुच्छांची अंतरे दोन निरनिराळ्या मार्गांनी मोजली: एकदा गुच्छातील ताऱ्यांच्या तेजावरून आणि एकदा गुच्छाच्या दिसणाऱ्या व्यासावरून. अवकाश जर निर्मळ असते तर दोन्ही मापे जुळावयास हवी होती. पण दूरचे गुच्छ जितके दूर तितके व्यासाने अधिकाधिक मोठे ठरू लागले, जणू सूर्यापासून दूर जाताना गुच्छांस वाढण्याचे कारण मिळत होते. ही विचित्र गोष्ट मान्य करण्याऐवजी ट्रम्पलरने सरळ मार्ग धरला: गुच्छ मोठे नव्हते, त्यांचा प्रकाश वाटेत क्षीण होऊन ते होते त्याहून दूर भासत होते. शिवाय हा प्रकाश केवळ क्षीण होत नव्हता, तो तांबडाही होत होता; निळा किरण अधिक गिळला जाई, तांबडा कमी. एवढ्यावरून कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे मायक्रॉनच्या अंशात असला पाहिजे, हे ठरले. आकाशगंगेतील तारकांमधील एकूण द्रव्याच्या सुमारे एक शतांश भागच धूलीचा असतो. पण तेवढीच धूलि आकाशगंगेच्या मध्याकडून येणारा दृश्य प्रकाश जवळजवळ पुरता अडवते.

ही धूलि कशाची बनलेली, या प्रश्नावर पुढील चार दशके मोठा वादविवाद झाला. हॉलंडच्या व्हॅन द हुल्स्टने हिमकणांचा पक्ष मांडला. १९६२ साली केंब्रिज येथे फ्रेड हॉईल आणि त्यांचे शिष्य, कोलंबोत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे यांनी ग्राफाइटच्या कणांचा पक्ष घेतला. १९६५ साली अतिनील किरणांत २१७५ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीजवळ शोषणाचा एक ठळक उंचवटा सापडला, आणि तो कार्बनयुक्त कणांकडे बोट दाखवीत होता. काही वर्षांतच अवरक्त किरणांत वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकेटच्या, कणांचीही खूण मिळाली. अखेर १९७७ साली मॅथिस, रम्पल आणि नॉर्डसीक या त्रयीने ग्राफाइट आणि सिलिकेट यांच्या मिश्रणाने, लहान कण पुष्कळ आणि मोठे थोडे अशा एका साध्या वाटणीतून, आकाशगंगेतील विलोपनाचा वक्र उत्तम प्रकारे जुळवून दाखविला. विलोपन म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट; तिची रंगागणिक नोंद म्हणजे विलोपनवक्र. हा वक्र धूलिकणांच्या आकाराची सनद होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे केंब्रिजचा उल्लेख आला, आणि मराठी वाचकास तो पुण्यापर्यंत आणून सोडतो. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर याच काळात, हॉईल यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिज येथे संशोधन करीत होते, आणि विक्रमसिंघे यांच्याशी जडलेला त्यांचा स्नेह व सहकार आयुष्यभर टिकला. १९९३ साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या विश्वसिद्धान्तात विश्वव्यापी सूक्ष्मतरंग-प्रारणाचा उगम महास्फोटात न मानता, दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात विखुरलेल्या लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे ते निर्माण होते, असे प्रतिपादन होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो सिद्धान्त पटला नाही, आणि पुढील मापनांनी महास्फोटाचाच पक्ष बळकट केला, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण धूलि ही विश्वरचनेच्या विचारात गौण नव्हे, हा आग्रह त्या सिद्धान्ताच्या गाभ्याशी होता. २००१ साली हैदराबादेहून सोडलेल्या फुग्यातून ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणून त्यांत सूक्ष्म जीव आहेत काय हे तपासण्याच्या ज्या प्रयोगात नारळीकरांनी पुढाकार घेतला, त्याच्याही मुळाशी हॉईल-विक्रमसिंघे यांचा, अंतराळातील धूलीचा जीवसृष्टीशी संबंध जोडणारा, विचार होता.

परंतु रायपूरच्या कथेसाठी नारळीकरांचे सिद्धान्त महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाची आहे त्यांनी उभारलेली संस्था. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष यश पाल यांच्या पुढाकाराने, आणि नारळीकर, अजित केंभावी व नरेश दधीच यांच्या परिश्रमाने, १९८८ साली पुण्यास आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘आयुका’, स्थापन झाली. १९९२ च्या डिसेंबरात सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत तिचे लोकार्पण झाले. तिचा उद्देश स्वतः मोठे होण्यापेक्षा देशातील विद्यापीठांस मोठे करण्याचा होता. दूरच्या विद्यापीठातील एखादा अध्यापक सुट्टीत पुण्यास यावा, ग्रंथालय आणि संगणक त्यास मोकळे असावेत, वेधशाळांकडे वेळेसाठी अर्ज करण्यास त्यास साहाय्य मिळावे, आणि परत गेल्यावर त्याने आपल्या विद्यार्थ्यांना त्याच कामास लावावे, अशी ती योजना होती. सहयोगी अध्यापकांची ही पद्धत आणि पुढे निवडक विद्यापीठांत उघडलेली आयुकाची साधनकेंद्रे, यांतून भारतीय विद्यापीठांतील खगोलशास्त्राचा जो विस्तार झाला, त्याची योग्य ती नोंद आपल्या शैक्षणिक इतिहासात अद्याप झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा साधनकेंद्रांपैकी एक रायपुरास झाले.

रायपूरचे विद्यापीठ स्थापन झाले १९६४ साली. मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव त्यास देण्यात आले. तोवर येथील महाविद्यालये सागर विद्यापीठाच्या कक्षेत होती. या विद्यापीठाच्या भौतिकी अध्ययनशाळेत प्रा. एस. के. पांडे यांनी दीर्घिकांच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरीही विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांवर त्यांचे नाव येतच राहिले. त्यांच्याबरोबर देवेंद्र कुमार साहू, जे पुढे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत स्थिरावले, आणि पुण्याहून अजित केंभावी, असे हे मंडळ तयार झाले. कालांतराने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील एम. के. पाटील त्यास मिळाले. रायपूर, पुणे, नांदेड आणि बंगळूर या चार ठिकाणांमधून एक संशोधन सलग चालावे, त्यात एकही ठिकाण दुसऱ्याचे मांडलिक नसावे, ही गोष्ट मला त्या संशोधनाच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

त्यांनी निवडलेला प्रश्न धूर्तपणाने नव्हे, तर विवेकाने निवडलेला होता. आपली आकाशगंगा सर्पिल जातीची. तिच्यात वायू आणि धूलि असणे अपेक्षितच आहे, कारण नवे तारे तेथे जन्मत असतात. याउलट लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका वृद्ध ताऱ्यांच्या, शांत, वायुहीन व धूलिहीन वसाहती होत, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तके निःशंकपणे सांगत. नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ५१२८ या दीर्घिकेच्या मध्यावरून गेलेला काळा पट्टा जॉन हर्शेलच्या काळापासून ठाऊक होता, पण ती अपवाद मानली जाई. १९७८ साली बर्तोला आणि गालेत्ता यांनी अशा धूलिपट्टधारी लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा एक वर्ग असल्याचे दाखविले. १९८३ साली आयरस नावाच्या अवरक्त उपग्रहाने द्रवरूप हीलियमने थंड केलेल्या आपल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळले, तेव्हा निर्मळ समजल्या गेलेल्या अनेक दीर्घिका थंड धूलीच्या उष्णतेने मंद तेवताना आढळल्या. आता प्रश्न उभा राहिला तो असा: ही धूलि आली कोठून? कारण याच दीर्घिकांत क्ष-किरणांच्या दुर्बिणींनी सुमारे एक कोटी अंश तापमानाचा विरळ वायू पसरलेला दाखविला होता, आणि तसल्या वायूत सापडलेला धूलिकण आयनांच्या माऱ्याने झिजत झिजत कोट्यवधी वर्षांत, म्हणजे दीर्घिकेच्या वयाच्या मानाने अगदी अल्पकाळात, नामशेष होतो. जी वस्तू तेथे टिकू शकत नाही ती तेथे आहे. म्हणजे ती अलीकडे आली असली पाहिजे, किंवा नित्य निर्माण होत असली पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर देण्यास प्रथम कणांचा आकार आणि धूलीचे वस्तुमान ठाऊक हवे, आणि तेथे रायपूरच्या मंडळींनी अवलंबिलेल्या पद्धतीचे सौंदर्य आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा प्रकाश मध्यापासून कडेकडे अत्यंत नियमितपणे उतरत जातो, आणि समान तेजाच्या रेषा जोडल्या तर एकात एक बसलेली लंबवर्तुळे तयार होतात. निळा, हिरवट-पिवळा, तांबडा आणि अवरक्तालगतचा, अशा चार गाळण्यांतून दीर्घिकेची इलेक्ट्रॉनीय छायाचित्रे घ्यावयाची. धुळीने झाकलेला भाग वगळून उरलेल्या प्रकाशावर लंबवर्तुळे बसवावयाची. त्यांवरून ही दीर्घिका धूलिविरहित असती तर कशी दिसली असती याची एक कल्पित प्रतिमा संगणकावर रचावयाची. आणि मग प्रत्यक्ष प्रतिमेस त्या कल्पित प्रतिमेने भागावयाचे. जे उरते तो धूलीचा नकाशा. चारही रंगांत किती प्रकाश हरपला हे ठिकठिकाणी मोजून त्यांचे परस्पर प्रमाण काढले, की त्या परक्या दीर्घिकेचा विलोपनवक्र हाती येतो. एकूण विलोपन आणि निळ्या-पिवळ्या रंगांमधील विलोपनाचा फरक यांच्या गुणोत्तरास शास्त्रज्ञ आर-व्ही म्हणतात. आकाशगंगेत ते सरासरीने ३.१ आहे. कण मोठे असतील तर सर्व रंग सारखेच गिळले जातात आणि हे गुणोत्तर वाढते. लहान असतील तर निळ्यावर अधिक आघात होतो आणि ते घटते. म्हणजे एका आकड्यावरून कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील कणाच्या आकाराचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी कोणतेही दुर्मीळ यंत्र लागत नाही; लागतो तो निर्मळ रात्रींचा वेळ, शिस्तबद्ध गणन आणि पुष्कळ सहनशीलता. हॉलंडमध्ये गाउडफ्रूय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास या पद्धतीने काम केले होते; रायपुरात ती एका अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाची स्वाभाविक साधना झाली.

१९९८ साली साहू, पांडे आणि केंभावी यांनी एनजीसी २०७६ या एका दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृग नक्षत्राच्या दक्षिणेस शशक नावाचा जो तारकासमूह आहे त्यात ही दीर्घिका आहे, आणि तिच्या अंगावरचा धूलिपट्टा स्पष्ट आहे. एका दीर्घिकेवरून नियम बांधता येत नाही, हे ओळखून या मंडळींनी पुढची वर्षे नमुना वाढविण्यात घालविली, आणि २००७ साली पाटील, पांडे, साहू व केंभावी यांचा २६ दीर्घिकांवरील निबंध युरोपातील ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या नियतकालिकात आला. त्याचा निष्कर्ष असा की या सर्व दीर्घिकांचे विलोपनवक्र आकाशगंगेच्या वक्रास समांतर जातात. आर-व्हीची मूल्ये २.०३ ते ३.४६ या मर्यादेत पडतात आणि त्यांची सरासरी ३.०२ येते. म्हणजे वृद्ध ताऱ्यांच्या त्या परक्या, तप्त प्रदेशात सापडणारी धूलि आपल्या घरच्या धूलीच्याच जातीची आहे. त्यातही एक सूक्ष्म भेद त्यांनी टिपला: ज्या दीर्घिकांत धूलीचा पट्टा सुबक आणि स्थिरावलेला आहे तेथे हे गुणोत्तर कमी असते, आणि जेथे धूलि अस्ताव्यस्त विखुरलेली आहे तेथे अधिक. स्थिरावण्यास काळ लागतो, आणि काळ गेला की कण झिजून लहान होतात, अशी त्याची एक सयुक्तिक मीमांसा करता येते. तसे असेल तर कणाचा आकार हा त्या धूलीच्या आगमनाचा दाखला ठरेल.

या निबंधातील ज्या भागाने माझ्या मनात सर्वाधिक आदर उत्पन्न केला तो मात्र वेगळाच आहे. विलोपनावरून काढलेले धूलीचे वस्तुमान दहा हजार ते दहा लक्ष सूर्यांइतके भरले. पण त्याच दीर्घिकांसाठी आयरसच्या अवरक्त मापनांवरून काढलेला आकडा त्याहून सुमारे दसपट मोठा होता. आपली पद्धत धूलीचा मोठा हिस्सा पाहूच शकत नाही, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले आणि त्याचे कारणही दिले: जी धूलि ताऱ्यांमध्ये सर्वत्र समप्रमाणात मिसळली आहे तिची छाया वेगळी उमटत नाही, ती दीर्घिकेच्या गुळगुळीत प्रकाशाचाच भाग होऊन जाते, आणि जो आदर्श नमुना भागाकारासाठी रचला जातो त्यातच ती लपते. दोन निरनिराळ्या जमाखर्चांचा मेळ बसत नाही तेव्हा त्यातील फरकालाच माहिती मानणे, हा खऱ्या संशोधकाचा बाणा होय. ट्रम्पलरनेही १९३० साली हेच केले होते.

१९९० नंतरच्या या तीन दशकांत देशातील वेधसामग्रीही बदलत गेली. कावलूरची २.३ मीटर व्यासाची दुर्बीण १९८६ पासून चालू होती. २००० साली लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयीन चंद्र दुर्बीण उभी राहिली आणि बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहमार्गे चालविता येऊ लागली. २००६ साली पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकाची २ मीटरची दुर्बीण कार्यान्वित झाली. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. शहर वाढले, कारखाने वाढले, रात्रीचे आकाश उजळत गेले. पण ज्यांचे वेध हान्लेच्या माथ्यावरून घेता येतात आणि गणन टेबलावर करता येते, त्यांच्या कामास शहराचा उजेड आड येत नाही.

२०१४ साली समृद्धी कुलकर्णी, साहू, लक्ष्मीकांत चावरे, एन. के. चक्रधारी आणि पांडे यांनी ४० निकटवर्ती दीर्घिकांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी धूलीची लक्षणे ठळक असलेल्या १२ दीर्घिकांचे विलोपनवक्र त्यांनी काढले, आणि पुन्हा आर-व्हीची सरासरी आकाशगंगेच्या मूल्याजवळ, २.९, एवढी आली. पण या वेळी त्यांनी धूलीबरोबर आयनीभूत हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाचाही शोध घेतला होता. ज्या २९ दीर्घिकांची त्या प्रकाशात छायाचित्रे घेतली त्यांतील २३ मध्ये तो आढळला, आणि वायूची ठेवण व विस्तार धूलीच्या ठेवणीशी जुळणारा निघाला. म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणी नांदत असल्याचा संभव बळावला. आता धूलि जर दीर्घिकेच्या स्वतःच्या वृद्ध ताऱ्यांनी सोडलेली असती, तर जेथे तारे अधिक तेथे धूलीही अधिक, असा संबंध दिसावयास हवा होता. दीर्घिकेचे निळे तेज आणि आयरसवरून काढलेले धूलीचे प्रमाण यांत तसा कोणताही संबंध त्यांना आढळला नाही. ही धूलि बाहेरून, एखादी वायुसंपन्न छोटी दीर्घिका गिळली जाताना, आली असावी, या पक्षास त्यामुळे बळ मिळाले. आणि झिजून नाहीशी होण्यापूर्वी ती किती काळ तेथे टिकते, ज्या तप्त वायूत तिने टिकू नये त्यात तिला आसरा कोण देते, हे प्रश्न त्या निष्कर्षातूनच पुढे आले आहेत.